शपथ, रोपे आणि विजेचे बिल

पावसाळ्याच्या तोंडावर शाळा सुरू झाल्या की आपल्या शाळांमधून एक ठरावीक कार्यक्रम होतो. मुले रांगेत उभी राहतात, पाहुण्यांच्या हस्ते रोप लावले जाते, पर्यावरणाची शपथ घेतली जाते, छायाचित्र काढले जाते. मग किती रोपे लावली आणि किती विद्यार्थ्यांनी शपथ घेतली याचा तक्ता भरून वरच्या कार्यालयात पाठवला जातो. हा तक्ता भरण्याचे काम बहुधा विज्ञानाच्या शिक्षकाकडेच येते.

आता समजा, नववीतल्या एखाद्या चौकस मुलीने त्याच शिक्षकाला विचारले, "सर, आपल्या गावामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड यामुळे किती किलोंनी कमी झाला?" तर काय उत्तर द्यायचे? प्रश्न अगदी साधा आहे आणि विज्ञानाच्या तासाला शोभणारा आहे. तरीही त्याचे उत्तर त्या तक्त्यात सापडत नाही, कारण तक्ता तयार करणाऱ्यांनी तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

शहरांच्या स्थानिक संस्था हरितगृह वायू कमी करण्यासाठी जे प्रयत्न करतात, त्यांच्याकडे या मुलीच्या नजरेने पाहावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. उदाहरण म्हणून धाराशिव शहर घेतले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजारांच्या वर होती. हे ना महानगर, ना खेडे. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत असे एखादे शहर आहे, त्यामुळे जे धाराशिवला लागू पडते ते थोड्याफार फरकाने इतरत्रही लागू पडावे.

शहराचे उत्सर्जन कोणते?

प्रथम व्याख्या स्पष्ट करून घेऊ. सूर्याकडून येणारा प्रकाश जमिनीला तापवतो. तापलेली जमीन ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत फेकते. हवेतील काही वायू हे किरण शोषून घेतात व त्यातला काही भाग पुन्हा जमिनीकडे धाडतात. हेच हरितगृह वायू. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे त्यांतील प्रमुख. मिथेन हवेत बारा-तेरा वर्षेच टिकतो, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेनचा परिणाम सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. म्हणून सर्व वायूंची बेरीज 'कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य' वजनात करतात.

शहराच्या नावावर हे वजन मांडताना तीन कप्पे करण्याची पद्धत आहे. पहिल्या कप्प्यात शहराच्या हद्दीतच बाहेर पडणारे वायू येतात: वाहनांचा धूर, घरगुती गॅस, कचऱ्याच्या ढिगातला मिथेन. दुसऱ्यात शहरात वापरलेली, पण बाहेर तयार झालेली वीज येते. धाराशिवात दिवा लागतो तेव्हा धूर धाराशिवात होत नाही. तो परळीला किंवा सोलापूरजवळच्या फताटेवाडीला, एखाद्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून होतो. तिसऱ्या कप्प्यात बाकी सारे, म्हणजे बाहेरून आलेले सिमेंट, लोखंड, अन्नधान्य इत्यादींच्या निर्मितीत झालेले उत्सर्जन. पहिले दोन कप्पे भरणे बरेच सोपे असते. तिसरा भरताना मोठमोठ्या शहरांचीही दमछाक होते.

या व्याख्येतून एक गोष्ट लगेच लक्षात येते. शहर म्हणजे नगरपरिषद नव्हे. लोकांच्या मोटारसायकली किती धावाव्यात किंवा वीज कोळशापासून करावी की सूर्यापासून, हे नगरपरिषदेच्या हातात नाही. पाणीपुरवठा, पथदिवे आणि कचरा या तीन गोष्टी मात्र थेट तिच्या हातात आहेत. म्हणून कोणत्याही नगरपरिषदेच्या हवामानविषयक कामाचे मूल्यमापन करताना या तीन खात्यांत काय फरक पडला, हे आधी पाहायला हवे.

दोन शपथा

धाराशिवच्या नावावर आज दोन मोठे संकल्प आहेत. पहिला 'माझी वसुंधरा अभियान'. महाराष्ट्र शासनाच्या पर्यावरण विभागाने हे अभियान २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केले. पृथ्वी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांवर त्याची मांडणी केली आहे. वृक्षलागवड व कचरा व्यवस्थापन पृथ्वीखाली, हवेची शुद्धता वायूखाली, जलसंधारण व सांडपाणी जलाखाली, ऊर्जाबचत व सौरऊर्जा अग्नीखाली, आणि जनजागृती व शपथ आकाशाखाली. स्थानिक संस्थांना या कामांसाठी गुण मिळतात, क्रमांक लागतात, बक्षिसे दिली जातात.

दुसरा संकल्प अधिक मोठा आहे. 'रेस टू झीरो' या संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चाललेल्या जागतिक मोहिमेत राज्यातील ४३ 'अमृत' शहरे सामील होत असल्याचे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केले. अमृत ही केंद्र शासनाची, मुख्यतः एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांसाठीची, पाणी व मलनिस्सारणाची योजना. त्या यादीत तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आहे. शतकाच्या मध्यापर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे आणि २०३० पर्यंतच्या टप्प्याचे उद्दिष्ट आधी ठरवायचे, असा या मोहिमेचा अर्थ आहे. दिवसाआड नळाला पाणी आले तरी समाधान मानणारे हे शहर अशा रीतीने लंडन-न्यूयॉर्कच्या रांगेत उभे राहिले.

या प्रयत्नांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. 'माझी वसुंधरा'मुळे हवामानबदल हा शब्द प्रथमच नगरपरिषदेच्या सभागृहात आणि ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर पोहोचला. पाणी, कचरा, ऊर्जा हे वेगवेगळ्या टेबलांवरचे विषय एकाच चौकटीत बसवले गेले. पंचमहाभूतांची कल्पना लोकांना परकी वाटत नाही, हा आणखी एक फायदा. परंतु या अभियानाच्या गाभ्यातच एक उणीव आहे, आणि ती शिक्षकांना इतरांपेक्षा लवकर कळेल.

आपण प्रयोगवही तपासतो. एका मुलाने वहीला सुंदर वेष्टण घातले आहे, आकृत्या रंगवल्या आहेत, निष्कर्षही लिहिला आहे, पण निरीक्षणांचा तक्ता कोरा आहे. त्याला किती गुण द्यावेत? टापटिपीचे चार गुण जरूर द्यावेत, पण प्रयोग झाला असे म्हणता येणार नाही. 'माझी वसुंधरा'तील गुण प्रामुख्याने केलेल्या कृतींना मिळतात: रोपे लावली, शपथा घेतल्या, दिवे बदलले, फेरी काढली. त्या कृतींमुळे किती टन वायू कमी झाला, हे निरीक्षण तक्त्याच्या केंद्रस्थानी नाही. त्यामुळे दहा हजार शपथा आणि दहा टन बचत या दोन गोष्टी एकाच बेरजेत येतात. पहिली स्वस्त व दुसरी कष्टाची असल्यामुळे पहिलीकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. यात कोणाची अप्रामाणिकता असावी लागत नाही. परीक्षा जशी असते तसाच अभ्यास होतो.

'रेस टू झीरो'ची अडचण उलट आहे. तिथे मोजमापाची भाषा आहे, पण ती शहराच्या दारापर्यंत पोहोचलेली नाही. ज्या संकल्पाला वर्षवार आकडे, जबाबदार अधिकारी आणि अंदाजपत्रकात तरतूद या तिन्ही गोष्टींची जोड नाही, तो कागदावरच राहतो.

मुंबईने काय केले?

मोजमाप कसे असते ते पाहण्यासाठी मुंबईचे उदाहरण घेऊ. मुंबई महानगरपालिकेचा हवामान कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात २०१९ या पायाभूत वर्षात मुंबईचे उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन असल्याचे दाखवले आहे. माणशी हिशेब सुमारे १.८ टनांचा होतो. त्यातील सुमारे ७१ टक्के वाटा इमारती व इतर ठिकाणी वापरलेल्या ऊर्जेचा, त्यातही मुख्यतः विजेचा. सुमारे २० टक्के वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के घट आणि २०५० मध्ये निव्वळ शून्य, असे टप्पे आहेत. पुढे २०२४ मध्ये महानगरपालिकेने हवामान अर्थसंकल्पाचा अहवालही काढला. म्हणजे पालिकेच्या खर्चातील कोणता भाग या आराखड्याच्या उपयोगी पडतो, ते वेगळे करून दाखवण्याचा प्रयत्न केला.

या आराखड्यातले सर्वांत मोलाचे पान उद्दिष्टांचे नव्हे, तर पहिल्या आकड्याचे आहे. २०१९ चा आकडा छापल्यामुळे २०३० साली कोणीही शाळकरी मुलगा वजाबाकी करू शकेल. चुकलो असे म्हणण्याची सोय ज्यात आहे, तीच खरी योजना.

मात्र त्यातही एक गाळलेली जागा आहे. ७१ टक्के उत्सर्जन ऊर्जेचे, आणि वीजनिर्मितीवर पालिकेची सत्ता नाही. २०३० ते २०४० या दहा वर्षांत फक्त १४ टक्क्यांची भर आणि शेवटच्या दहा वर्षांत राहिलेले ५६ टक्के, ही चढण पाहा. प्रवासाचा अवघड टप्पा शेवटासाठी राखून ठेवला आहे आणि तो वीजकंपन्या, राज्य व केंद्र यांच्या खांद्यांवर आहे. पालिकेने स्वतःच्या हातातले काम किती केले, हे त्या एकूण आकड्यात सहज हरवून जाऊ शकते. धाराशिवसारख्या शहराने मुंबईकडून मोजण्याची सवय जरूर घ्यावी, पण मुंबईचा साचा उचलू नये. त्याचे कारण पाण्यात आहे.

पाणी चढवण्याची किंमत

तानसा-वैतरणेचे पाणी मुंबईकडे मुख्यतः उताराने येते. धाराशिवची गोष्ट वेगळी आहे. हे शहर बालाघाटाच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर वसले आहे. त्याला पाणी पुरवणाऱ्या योजनांपैकी मोठी योजना भीमेवरच्या उजनी धरणावरून आली आहे. उजनीची पूर्ण भरल्यावरची पातळी सुमारे ४९७ मीटर. म्हणजे शंभर किलोमीटरहून लांबच्या नळातून पाणी आणायचे आणि शिवाय दीडशे मीटर वर चढवायचे. दहावीच्या विद्यार्थ्याला याचा हिशेब करता येईल.

एक हजार लिटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलो. ते १५० मीटर उचलण्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे १,००० × ९.८ × १५० = १४ लाख ७० हजार ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा नुसते उचलण्यासाठी ०.४१ युनिट. नळातील घर्षणावर मात करण्यासाठी आणखी तेवढीच उंची धरली, आणि पंप व मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली, तर हजार लिटरमागे सुमारे १.२ युनिट लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे हजार लिटर पाण्याबरोबर सुमारे ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड 'वाहत' येतो.

शहराला रोज एक कोटी लिटर पाणी असे आणले असे समजू. १२ हजार युनिट रोज, वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट, आणि उत्सर्जन सुमारे ३,००० टन. आता यातले ३० टक्के पाणी वाटेत व गावातल्या जुन्या नळांतून गळते असे धरा. मग ९०० टन कार्बन डायऑक्साइड केवळ जमिनीत मुरलेल्या पाण्यापायी हवेत जातो. ज्या पाण्याने कोणाची तहान भागली नाही, त्याच्यासाठी कुठेतरी कोळसा जळला.

हे आकडे नगरपरिषदेच्या दप्तरातले नाहीत. गृहीतके उघडपणे सांगून वर्गात केलेला हा अंदाज आहे. गृहीतके बदला, उत्तर बदलेल. पण त्याची पायरी कोणती, शेकड्यांची की हजारांची, हे बदलणार नाही.

कचरा, दिवे आणि झाडे

आता दुसरे खाते. माणशी रोज ३५० ग्रॅम कचरा धरला तर १ लाख १२ हजार लोकांचा सुमारे ३९ टन होतो. त्यातला निम्मा, म्हणजे सुमारे २० टन, ओला. हा ओला कचरा उघड्या ढिगात टाकला की आतल्या थरांत हवा पोहोचत नाही, तिथे प्राणवायूविना जगणारे जीवाणू त्याचे विघटन करतात आणि मिथेन तयार होतो. हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने सुचवलेली सर्वसाधारण मूल्ये वापरली, तर फार खोल नसलेल्या ढिगात एक टन ओल्या अन्नकचऱ्यातून कालांतराने सुमारे २० किलो मिथेन निघतो. रोज २० टन, वर्षाला ७,३०० टन, म्हणजे १४६ टन मिथेन. त्याला २८ ने गुणले की सुमारे ४,००० टन. तोच कचरा वेगळा करून, हवा खेळती ठेवून त्याचे खत केले तर मिथेन जवळजवळ तयार होत नाही. खतातूनही थोडे वायू निघतात, पण ते या मानाने किरकोळ असतात.

तिसरे खाते पथदिव्यांचे. १५० वॅटचा सोडियम दिवा त्याच्या चोकसह सुमारे १७० वॅट घेतो. त्याच्या जागी ७० वॅटचा एलईडी लावला तर १०० वॅट वाचतात. रात्री ११ तासांप्रमाणे वर्षाचे सुमारे ४,००० तास. म्हणजे ४०० युनिट, आणि २८० किलो कार्बन डायऑक्साइड.

आता या तिघांच्या शेजारी झाड ठेवू. वाढीला लागलेले मध्यम झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असे ढोबळ मान धरतात. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत आणि बेभरवशाच्या पावसात ते कमीच भरेल, तरी २० धरू. मग एक दिवा बदलणे म्हणजे १४ झाडे. गळती थांबवणे म्हणजे ४५ हजार झाडे. ओला कचरा ढिगात न जाऊ देणे म्हणजे दोन लाख झाडे, आणि तीही लावलेली नव्हेत, तर जगलेली, वाढलेली.

हा फरक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत अनुक्रमे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी व ३३ कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे ठेवून मोठी मोहीम झाली. ही सारी उद्दिष्टे लागवडीची होती. कार्बनच्या हिशेबात लागवडीला किंमत नाही, पाचव्या उन्हाळ्यात काय उभे आहे त्याला आहे. झाडे सावली देतात, माती धरून ठेवतात, पक्ष्यांना आसरा देतात, म्हणून ती लावावीतच. मात्र कचऱ्याच्या ढिगाला उत्तर म्हणून ती दाखवू नयेत.

कोरड्या नळाचे उत्सर्जन शून्य असते

इथे एक सापळा आहे आणि तो टाळला नाही तर मोजमापही दिशाभूल करील. दिवा बंद पडला की उत्सर्जन थांबते. नळ कोरडा पडला की पंपाचे मीटर फिरत नाही. म्हणजे वाईट कारभार करणाऱ्या शहराचा आकडा चांगला दिसू शकतो! २०१६ सालच्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा एखाद्या वर्षाला पायाभूत वर्ष मानून धाराशिवने 'पाणीपुरवठ्यातील उत्सर्जन ३० टक्के घटवू' असे ठरवले, तर त्याचा अर्थ लोकांना आणखी तहानलेले ठेवू, असा होईल. उलट, सर्वांना पुरेसे पाणी दिले तर एकूण आकडा वाढेल, आणि तो वाढायलाच हवा.

म्हणूनच मुंबईचा साचा इथे चालत नाही. जिथे मूलभूत सेवा पुरेशा पोहोचलेल्या आहेत, तिथे एकूण टन मोजणे योग्य. जिथे त्या अपुऱ्या आहेत, तिथे सेवेच्या एककामागे किती उत्सर्जन होते ते मोजायला हवे: घरात पोहोचलेल्या हजार लिटर पाण्यामागे किती युनिट, रात्रभर उजळलेल्या एक किलोमीटर रस्त्यामागे किती युनिट, गोळा झालेल्या एक टन कचऱ्यापैकी किती किलो ढिगावर गेला. हे तीन आकडे खाली आले तर शहर सुधारले, मग एकूण बेरीज थोडी वाढली तरी चालेल.

या मापाचा आणखी एक गुण पाहा. नळाचे पाणी आले नाही तर टँकर येतो. १० हजार लिटरचा टँकर जाऊन-येऊन ४० किलोमीटर फिरला आणि लिटरला ४ किलोमीटर चालला, तर १० लिटर डिझेल जळते. एका लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हजार लिटर पाण्यामागे २.७ किलो. उजनीच्या नळाच्या तिपटीहून जास्त. एकूण बेरजेत हे लपून राहते, एककाच्या हिशेबात लगेच उघडे पडते.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, धाराशिवचे उत्सर्जन ते केवढे? जगाच्या मानाने नगण्य. अमेरिकेतला माणूस वर्षाला १४-१५ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि दुष्काळ सोसणाऱ्या मराठवाड्याने पंपाची युनिटे का मोजत बसावे? या आक्षेपात तथ्य आहे. हवामानबदलाला या जिल्ह्याने फार थोडा हातभार लावला आहे आणि त्याची झळ मात्र इथल्या कोरडवाहू शेतीला पुरेपूर बसते. जगाला वाचवण्याचे ओझे धाराशिवच्या नगरपरिषदेवर टाकणे अन्यायाचेच होईल.

पण वरचे हिशेब पुन्हा पाहा. ज्या युनिटातून कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याच युनिटाचे बिलही निघते. थकलेल्या बिलापायी पाणीयोजनेची किंवा पथदिव्यांची वीज तोडली जाणे मराठवाड्यातल्या नगरपालिकांना नवे नाही. गळती थांबली तर उत्सर्जन घटेल, बिल घटेल आणि नळाला पाणी एक दिवस लवकर येईल. ओला कचरा वेगळा झाला तर मिथेन टळेल, ढीग पेटून होणारा धूर टळेल आणि शेतकऱ्याला खत मिळेल. इथे हवामानासाठी गावाने त्याग करण्याचा प्रश्नच नाही. हवामानासाठी जे करायचे, ते नगरपरिषदेचे रोजचे, कंटाळवाणे, न दिसणारे काम आहे. त्याचे उद्घाटन होत नाही. जमिनीखाली बुजवलेल्या नळाच्या जोडापाशी कोणी छायाचित्र काढत नाही. गुणपद्धतीने नेमके हेच काम वर आणायला हवे होते.

सौरऊर्जेबद्दलही हेच म्हणता येईल. धाराशिव जिल्ह्यात ऊन भरपूर आहे, पवनचक्क्या व सौरप्रकल्पही उभे राहत आहेत. मात्र त्यांची वीज राज्याच्या जाळ्यात जाते. ती जिल्ह्यात तयार झाली म्हणून शहराने ती आपल्या खात्यावर जमा धरली, तर एकाच युनिटाचे श्रेय दोनदा घेतले जाईल. नगरपरिषदेने स्वतःच्या जलशुद्धीकरण केंद्रावर सौरपॅनेल बसवले आणि दिवसा पंप चालवले तर ती बचत तिची. तीही गळती दुरुस्त केल्यानंतर, कारण गळक्या नळाला सौरवीज जोडणे म्हणजे फुटक्या रांजणात स्वच्छ पाणी ओतणे.

वर्गात काय करता येईल?

शपथेचा तक्ता भरणारे शिक्षकच ही उणीव भरून काढू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही.

१. शाळेच्या विजेच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून युनिटांचा आलेख काढा. प्रत्येक महिन्याच्या युनिटांना ०.७ ने गुणा. उन्हाळ्यात व सुटीत काय फरक पडतो ते मुलांना शोधू द्या.

२. एक आठवडा दहा-दहा मुलांनी आपल्या घरचा ओला व सुका कचरा वेगवेगळा तोलावा. माणशी सरासरी काढावी. वर मी ३५० ग्रॅम धरले आहे. तुमचा आकडा वेगळा आला तर माझा हिशेब खोडून नवा मांडा.

३. घर ते शाळा या वाटेवरचे पथदिवे मोजा. किती लागतात, किती बंद आहेत, आणि किती दिवसाउजेडी जळत असतात? शेवटचा आकडा वजा करण्याजोगा आहे.

४. मागच्या तीन पावसाळ्यांत शाळेने लावलेल्या रोपांची यादी काढा व आज त्यांतली किती जिवंत आहेत ते पाहा. लागवडीचा आकडा व जगलेला आकडा शेजारी शेजारी फळ्यावर लिहा.

५. थोरल्या वर्गातील मुलांनी नगरपरिषदेला पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी पाणीपुरवठ्यासाठी किती युनिट वीज लागली, किती लिटर पाणी उचलले व किती घरापर्यंत पोहोचले, आणि ओल्या कचऱ्यापैकी किती टनांचे खत झाले. ही माहिती सार्वजनिक आहे. पत्राने मिळाली नाही तर एखाद्या पालकाला २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये ती मागता येते, आणि तसे मागणे हाही नागरिकशास्त्राचा एक पाठच आहे.

अशी पाच-दहा शाळांची पत्रे गेली तर नगरपरिषदेत कोणीतरी पहिल्यांदा पंपाच्या मीटरचे आणि नळाच्या मीटरचे आकडे एकाच कागदावर लिहील. मुंबईने २०२२ साली जे पान छापले, त्याची ती धाकटी आवृत्ती असेल. तिला सल्लागार संस्था लागत नाही, मोठा निधी लागत नाही. वर्षातून एकदा, नगरपरिषदेच्या फलकावर, तीन ओळींत ती लिहिता येईल: हजार लिटरमागे युनिट, किलोमीटर रस्त्यामागे युनिट, टन कचऱ्यामागे ढिगावर गेलेले किलो. पुढच्या वर्षी त्याखाली दुसरी तीन ओळींची नोंद.

शपथ घ्यायला हरकत नाही, रोप तर अवश्य लावावे. पण नववीतल्या त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला "माहीत नाही" असे उत्तर देण्याऐवजी "चल, मोजू या" असे म्हणता यावे, एवढी तयारी आपल्या शाळांची असायला हवी. पुढच्या जूनचा तक्ता भरताना त्यात एक रकाना आपणच हाताने आखावा, 'किती किलो कमी झाले?' असा. तो कोरा राहिला तरी चालेल. तो कोरा आहे हे वरच्या कार्यालयालाही दिसले पाहिजे.